वीस गुणांची दया

दिवाळीच्या फराळाच्या ताटात बीजगणित वाढणे हा शिष्टाचाराचा भंग आहे, हे मला पुरते ठाऊक आहे. अभ्यंगस्नान आटोपून, हातात चकली धरून अंक चाळणाऱ्या गृहस्थाला कंस आणि घातांक यांची आठवण करून देणारा लेखक त्याच्या शापालाच पात्र व्हायचा. पण यंदा माझा नाइलाज आहे. गेली दोन वर्षे एक वाक्य मी इतक्या सज्जनांच्या तोंडून आणि इतक्या कनवाळू स्वरात ऐकले आहे, की त्याचा समाचार कोणीतरी घ्यायलाच हवा. ते वाक्य असे : “अहो, या लोकांना बीजगणित हवे कशाला?”

‘हे लोक’ कोण, ते आधी सांगतो. लोणावळ्यात संध्याकाळी एक वर्ग भरतो. दहावी कशीबशी ओलांडून, किंवा एकदा तीत आपटून पुन्हा उठलेली माणसे तिथे अकरावी-बारावीचे गणित शिकतात. चिक्कीच्या दुकानात दिवसभर पाकिटे भरणारा एक जण आहे. दोन बंगल्यांची राखण करणारा एक आहे. तो खिशात दोन्ही बंगल्यांच्या किल्ल्या घेऊनच बाकावर बसतो. नाणे मावळातून आधी जीपने कामशेतला आणि तिथून लोकलने येणारी, दोन लेकरांची आई असलेली एक बाई आहे. आणि त्यांच्यात, दिवसा पोरांना पाढे शिकवणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा, मॅट्रिकच्या पुढे न गेलेला एक मास्तरही आहे, तो मी. आषाढात लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर असा कोसळतो की फळ्यावरचे दिसते पण मास्तरांचे ऐकू येत नाही. दिवे जातात. तरी वर्ग भरतो. कनवाळू सज्जनांना आमचा फार कळवळा येतो. दिवसभर राबून आलेल्या जिवांना हा छळ कशाला, असे ते म्हणतात. शिवणकाम शिकवा, मोबाइल दुरुस्ती शिकवा, हिशेब लिहायला शिकवा. बीजगणित कशाला?

हा कळवळा चहाच्या पेल्यापुरता राहिला असता तर मी लेखणी उचललीच नसती. पण तो आता सरकारी कागदावर उतरला आहे. राज्याच्या नव्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद असल्याचे २०२४ च्या ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत आले. दहावीला गणितात आणि विज्ञानात उत्तीर्ण व्हायला पस्तीस गुण लागतात. ते न मिळता वीस किंवा त्याहून अधिक मिळाले, तर मुलाला उत्तीर्ण म्हणावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर असा शेरा मारावा, की याला पुढे गणित व विज्ञान या विषयांकडे जाता येणार नाही. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा हे लागू व्हायचे, असे तेव्हा सांगण्यात आले.

या तरतुदीचा पूर्वार्ध मला मान्य आहे, हे स्पष्ट सांगतो. एका विषयात पंधरा गुण कमी पडले म्हणून मुलाचे सगळे शिक्षण तिथेच तुटावे, त्याने घरात तोंड लपवून बसावे, याच्याइतकी अघोरी गोष्ट नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी मावळातल्या वाड्यावस्त्यांवर काय होते ते मी पाहत आलो आहे. त्या मुलाला पुढे जाऊ द्या, वाणिज्याला जाऊ द्या, कलेला जाऊ द्या, आय.टी.आय.ला जाऊ द्या. पण तो शेरा? तो कोणासाठी? पंधरा वर्षांच्या पोराच्या कपाळावर तुम्ही लिहिता, की ही वाट तुला बंद. त्या वयात त्याला मिसरूड फुटलेले नसते, बाप दारू पितो की नाही यावर त्याचा अभ्यास अवलंबून असतो, शाळेत गणिताचा शिक्षक वर्षभर होता की नाही हे त्याच्या हाती नसते. आणि हेच पोर तिशीला आल्यावर, बुद्धी जागी झाल्यावर, संध्याकाळच्या वर्गाच्या दाराशी उभे राहते तेव्हा त्याने काय दाखवायचे? तोच कागद!

माणूस पंधराव्या वर्षानंतर बदलतो, या एका गोष्टीवर संध्याकाळचा वर्ग उभा असतो. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक माणसांना दहावीच्या वेळी बीजगणिताचे अक्षर कळत नव्हते. आज ती वर्गसमीकरणे सोडवतात. चमत्कार काही झालेला नाही. मधल्या काळात त्यांनी कर्ज काढले, भाडे भरले, वाटणी केली, फसवणूक सोसली. त्यांच्यापाशी आता प्रश्न आहेत. शाळेत असताना त्यांच्यापाशी फक्त उत्तरे होती, आणि तीही पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची.

वाटणीवरून आठवले. मागच्या पावसाळ्यात आमच्यापैकी एकाने वर्गात विचारले, “सर, आमच्या दोघा भावांच्या वाटणीत कुंपणाला तार सारखीच लागली. एका हाताचा फरक नाही. मग तलाठी म्हणतो, माझी जागा कमी. असं कसं व्हईल?” सगळे हसले. तार सारखी तर जागा सारखी, हे आपल्या सगळ्यांनाच वाटते. मोठमोठ्या शहाण्यांना वाटते. मास्तरांनी फळ्यावर एक गुंठ्याचा चौरस काढला. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. क्षेत्रफळ १०८९ चौरस फूट, भोवतालची तार १३२ फूट. आता एक बाजू काही फुटांनी वाढवा आणि दुसरी तितक्याच फुटांनी कमी करा. तार तीच राहते. किती फुटांनी? ते ठाऊक नाही, म्हणून त्याला ‘क्ष’ म्हणू. मग जागा किती उरते?

(३३ + क्ष) × (३३ − क्ष) = १०८९ − क्ष²

म्हणजे क्ष काहीही असो, एक फूट असो की वीस, चौरसापेक्षा जागा कमीच भरणार; आणि क्ष च्या वर्गाइतकी कमी भरणार. त्या गड्याची जागा पन्नास फूट लांब आणि सोळा फूट रुंद होती. क्ष झाला सतरा, त्याचा वर्ग २८९. गुंठ्यातून चौथ्या हिश्शाहून अधिक जागा गेली, आणि तार मात्र तेवढीच लागली! वर्गात कोणी हसले नाही. ज्या तालुक्यात जमिनीची बोली गुंठ्यावर होते, ज्या तालुक्यात पुण्या-मुंबईचा पैसा टेकडी टेकडीवर कुंपण घालत चढला, त्या तालुक्यात या एका ओळीची किंमत काय, ते मी सांगायला नको. आणि ही ओळ ‘हिशेब लिहायला शिकवा’ म्हणणाऱ्यांच्या अंकगणितात सापडत नाही. अंकगणित सांगेल, पन्नास गुणिले सोळा आठशे. एका जागेचे उत्तर. बीजगणित सांगते की कुठल्याही जागेचे असेच होणार. एका माणसाची तक्रार आणि सर्वांना लागू पडणारा नियम यांतले अंतर ते हेच.

कर्जाचे सांगतो, कारण दिवाळीच्या सुमाराला दुचाक्यांची दुकाने झेंडूच्या माळांनी सजतात आणि या अंकाच्या वाचकांपैकीही कोणी त्या दारात उभा असेल. साठ हजारांचे कर्ज, तीन वर्षे, ‘फक्त दहा टक्के, फ्लॅट’. वर्षाचे सहा हजार, तीन वर्षांचे अठरा हजार. एकूण अठ्ठ्याहत्तर हजार, छत्तीस हप्ते, दर हप्ता सुमारे दोन हजार एकशे सदुसष्ट. हिशेब चोख. पण बाबा रे, साठ हजार तुझ्याजवळ तीन वर्षे राहिले कुठे? पहिल्या महिन्यात साठ होते. मग दर महिन्याला फिटत गेले. शेवटच्या महिन्यात जेमतेम एका हप्त्याइतके उरले. मुद्दल दरमहा सारखेच फिटते असे धरले, तर दहावीच्या पुस्तकातली अंकगणिती श्रेढी सांगते की सरासरीने तुझ्याकडे एकतीस हजारसुद्धा नव्हते. त्यावर तू वर्षाला सहा हजार मोजलेस. दर झाला साडेएकोणीस टक्के. हप्ता एकसारखा असल्यामुळे आरंभी मुद्दल थोडे कमी फिटते, तेवढी सवलत दुकानदाराला दिली, तरी खरा दर अठराच्या आसपास राहतो. हे दुसरे उत्तर श्रेढीने निघत नाही, त्याला भूमिती श्रेढी आणि समीकरण लागते, म्हणजे नेमके तेच मधल्या पायरीचे बीजगणित लागते, जे ‘या लोकांना’ नको आहे!

दुकानदार खोटे बोलला का? नाही. दहा टक्केच म्हणाला, आणि दहा टक्केच घेतले. त्याचे समीकरण त्याला पाठ होते, गिऱ्हाइकाला नव्हते.

हिशेब एकाच बाजूला कळत असला म्हणजे काय होते, याची साक्ष याच पुणे जिल्ह्याने एकदा दिलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि ते लोण गावोगाव पसरले. त्यांचा मुख्य रोख होता रोख्यांवर, खतपत्रांवर. ती हिसकावली आणि जाळली. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, चढत्या व्याजाची चाल कळत नाही, कोर्टात तोच कागद खरा ठरतो. मग माणूस काडीच ओढणार. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आता कागद वाचता येतात. पण आत जे बीजगणित दडलेले असते, ते वाचता येते का?

यावर शहाणे लोक मला अमेरिकेचे दाखले देतात. अँड्र्यू हॅकर नावाच्या प्राध्यापकाने २०१२ साली ‘बीजगणित आवश्यक आहे काय?’ असा प्रश्न न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रात विचारला होता, आणि या विषयापायी लक्षावधी मुले शिक्षण सोडतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे दुखणे खरे आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे नोकरी करून शिकणाऱ्यांच्या महाविद्यालयांत, ‘मध्यम बीजगणित’ या नावाचा वर्ग ही खरोखरच दलदल होऊन बसली होती. खालच्या वर्गातून वरच्या वर्गात, तिथून आणखी वरच्या, असे वर्षानुवर्षे फिरून माणसे वाटेतच गळत. पण कॅलिफोर्नियाने २०१७ साली त्यावर कायदा केला तो कसा केला, हे आमचे शहाणे सांगत नाहीत. विद्यार्थ्याला खालच्या वर्गांत अडकवून ठेवू नका, त्याला थेट महाविद्यालयाच्या पातळीच्या गणिताला बसू द्या आणि जोडीला मदत द्या, असा त्याचा रोख होता. म्हणजे त्यांनी पायऱ्या कमी केल्या आणि दार उघडे ठेवले. आपण पायऱ्या तशाच ठेवून दाराला शेऱ्याचे कुलूप लावतो.

त्याच देशात रॉबर्ट मोझेस नावाचा एक काळा माणूस होऊन गेला. पेशाने गणिताचा शिक्षक. १९६० नंतरच्या वर्षांत मिसिसिपीत काळ्या शेतमजुरांची नावे मतदारयादीत यावीत म्हणून त्याने मार खाल्ला. पुढे १९८२ साली त्याने गरीब मुलांना बीजगणित शिकवण्याची चळवळ उभारली आणि २०२१ साली वारेपर्यंत ती सोडली नाही. मताचा हक्क आणि बीजगणिताचा हक्क त्याला एकाच जातीचे वाटत. ज्याने पहिल्यासाठी लाठ्या खाल्ल्या, त्याला दुसऱ्याची किंमत आपल्या चहाच्या पेल्याहून अधिक कळली असेल, असे मी धरून चालतो.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. ज्या मुलांना आकड्यांशी जुळवूनच घेता येत नाही, अशी जन्मजात अडचण असलेली मुले असतात. त्यांना सवलत मिळते ती योग्यच आहे. माझे भांडण त्यांच्या सवलतीशी नाही. माझे भांडण, गरिबी आणि वाईट शिकवणी यांना जन्मजात अडचण म्हणण्याशी आहे.

आणि गरज नाही म्हणता, तर ती कोणाला नाही? याच लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचा ‘शिवाजी’ तळ आहे. खेड्यापाड्यांतून आलेली पोरे तिथे जहाजाची यंत्रे शिकतात. त्यांना गणित कशाला, असे कोणी म्हणत नाही. तळेगावात १९०८ च्या सुमारास एक एक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो नुसत्या बाटल्या करायला नव्हे, तर कारागीर शिकवायलाही. त्याच तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका जगप्रसिद्ध अमेरिकन मोटार कंपनीने २०२० च्या डिसेंबरात उत्पादन थांबवले आणि हजारावर कामगारांना घरचा रस्ता धरण्याची पाळी आली. यंत्रावरचा हात त्या एका यंत्रापुरता असतो. कंपनी गेली की तो हात रिकामा होतो. पुढच्या परीक्षेला, पदविकेला, दुसऱ्या कारखान्यातल्या वरच्या जागेला बसायचे, तर बारावीचे किंवा पदविकेचे गणित आडवे येते. चाळिशीतल्या कामगाराने ते कुठे शिकावे? दिवसाचे कॉलेज त्याच्यासाठी नाही. संध्याकाळचा वर्ग नाही. उरते भिंतीवरची जाहिरात : ‘शंभर टक्के पास’.

जोतीराव फुल्यांनी पुण्यात १८५५ साली कामकरी-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. तेव्हा तेलाचे दिवे होते. १८६३ साली बोरघाटातून, सदतीस फुटांना एक फूट अशा चढाने, आगगाडी लोणावळ्यास चढली, म्हणजे ती रात्रशाळा आमच्या आगगाडीहूनही जुनी. आणि २०१७ च्या मे महिन्यात काय झाले? दिवसाच्या शाळेत नोकरी असलेल्याने रात्रशाळेत शिकवू नये, असा शासन निर्णय निघाला आणि राज्यातल्या रात्रशाळांतून अनुभवी शिक्षक एका फटक्यात बाहेर पडले. दोन पगार एकाला का, हा प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने बिनतोड होता. पण गणिताचा जुना शिक्षक उठून गेला, की त्याची जागा भरायला रात्री नऊ वाजता कोण येतो? भाषेला माणूस मिळतो, इतिहासाला मिळतो. बीजगणिताला मिळत नाही. अशा शाळेतून आलेल्या पोराला गणितात वीस गुण पडले, तर शेरा खरे म्हणजे कोणाच्या कागदावर मारायला हवा?

भाषेचे दुखणे वेगळेच आहे. वरच्या वर्गात गणित गेले की ते इंग्रजी होते. ‘डिस्क्रिमिनंट’ म्हटले की आमच्या बाकावरची मान खाली जाते. ‘विवेचक’ म्हटले की तीच मान वर येते, कारण विवेचन म्हणजे निवाडा, हे कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते. मुळे आहेत की नाहीत, असली तर एक की दोन, याचा निवाडा करतो तो विवेचक. ऋण म्हणजे काय, हे मावळातल्या शेतकऱ्याला समजावून द्यावे लागत नाही. शून्याच्या खाली उतरणे म्हणजे काय, हे तो जगलेला असतो. करणी, श्रेढी, सहगुणक, घातांक हे शब्द आपलेच आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास बीजगणित लिहिले, तेव्हा पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले, म्हणजे ‘जितके तितके’. आणि पुढच्या अज्ञातांना रंगांची नावे दिली, कालक, नीलक, पीतक. वर्गात हे सांगितले तेव्हा नाणे मावळच्या बाई म्हणाल्या, “म्हंजी आमच्या ‘असंल तेवढं’सारखंच की!” तसेच ते आहे. घरात किती तांदूळ आहेत हे ठाऊक नसताना आठवड्याची बेगमी करणारी प्रत्येक गृहिणी ‘असंल तेवढं’ला हाताशी धरूनच हिशेब करते.

चाळीसगावजवळ पाटणे येथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न तोडून दिले, अशी त्यात नोंद आहे. ते उत्पन्न कुठून यायचे? राजाच्या दानाबरोबरच बाजारातल्या मालावर बसवलेल्या देण्यातून, तेल्याने घाण्यामागे द्यायच्या पळीभर तेलातून. म्हणजे या महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी बीजगणिताच्या दिव्याला तेली तेल घालत होता. त्या मठात तेल्याचे पोर बसू शकले असेल, असे मानण्याइतका मी भोळा नाही. आज ते पोर बसू शकते, फी भरते, पावसात भिजत येते. आणि आपण त्याला सांगतो, की बाळ, तुला हे झेपायचे नाही, तुझ्या भल्यासाठीच सांगतो!

मागणी लहान आहे. वीस गुणांवर उत्तीर्ण करायचे तर खुशाल करा. शेरा काढून टाका. त्याच्या जागी एवढेच लिहा, की गणित राहिले आहे, पुढे केव्हाही देता येईल. आणि ते देता यावे म्हणून तालुक्याच्या प्रत्येक मोठ्या गावी, लोणावळ्यास, कामशेतला, वडगावला, तळेगावला, आठवड्यातून तीन संध्याकाळी बीजगणिताचा एक वर्ग मराठीतून चालवा. इमारती बांधायला नकोत. शाळांच्या इमारती संध्याकाळी कुलूप लावून उभ्याच असतात. शिक्षकाला मानधन द्या, वेळेवर द्या. वर्ग सुटायची वेळ शेवटची लोकल पाहून ठरवा. पुण्याहून लोणावळ्यापर्यंत विजेची लोकल १९७८ पासून धावते आहे; तिच्या वेळापत्रकाची आणि वर्गाच्या वेळापत्रकाची गाठ अजून कोणी घालून दिलेली नाही. नाणे मावळच्या बाई त्यामुळे रोज शेवटचे उदाहरण अर्धे टाकून उठतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सोडवून आणतात.